जोडापाशी थांबा

एक नाव घ्या. नेपानगर.

मोठ्याने नको. स्वतःला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

नेपानगर.

आता श्वास सोडा. घाई कसलीच नाही. पुढचा थोडा वेळ या एका नावाजवळ बसायचं आहे, आणि त्याच्या शेजारपाजारच्या काही शब्दांजवळ.

मनात फलाट आणा. भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकते. थोड्या वेळाने महाराष्ट्र संपतो. बुऱ्हाणपूर येतं. मग असीरगड रोड. मग चांदणी. सातपुड्याचे उतार खिडकीशी येतात. साग दिसतो, कोरडं गवत दिसतं. डब्यात ऊन येतं.

आणि मग तो पिवळा फलक. त्यावर काळी अक्षरं.

बघा त्याच्याकडे. पाच अक्षरं आहेत.

ने. पा. न. ग. र.

नीट बघून घ्या. मग डोळे मिटा आणि तेच नाव पुन्हा म्हणा. यावेळी प्रत्येक अक्षरानंतर थोडं थांबा.

ने.

पा.

न.

गर.

चारच आहेत.

पाचवं कुठे गेलं, हे लगेच विचारू नका. पुन्हा म्हणा. शेवटच्या र पाशी काय होतं तेवढंच बघा. जीभ वर उचलते, टाळूला किंचित लागते आणि आवाज तिथेच मिटतो. र नंतर तोंड उघडत नाही. लिहिताना त्या र मध्ये एक अ असतो. बोलताना तो आत राहतो.

व्याकरणाच्या पुस्तकांत या अला निभृत म्हणतात. दडलेला. तो लिपीत आहे, तोंडात नाही.

आज त्याच्याकडेच लक्ष द्यायचं आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी शब्दाच्या मध्यावर या.

नेपा. नगर.

हे दोन शब्द आहेत. ते एकमेकांना लागून उभे आहेत, आणि त्यांच्या मध्ये एक जोड आहे. फलकावर तो जोड दिसत नाही. तिथे रेघ नाही, जागा सोडलेली नाही. शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते.

तरी जोड आहे.

म्हणा. नेपा. आता श्वास घेऊ नका, फक्त क्षणभर आवाज धरून ठेवा. मग नगर.

नेपा… नगर.

तो क्षण ऐकू आला का? नसेल आला तर हरकत नाही. पुन्हा म्हणून बघा.

यातला पहिला शब्द नवा आहे. इथे 1947 साली वर्तमानपत्रांसाठी कागद करायची एक कंपनी उभी राहिली. नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स. त्या लांबलचक नावापासून नेपा हा दोन अक्षरांचा शब्द झाला आणि कारखान्याभोवतीच्या वस्तीला त्यानेच नाव दिलं. 1956 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी हा कारखाना देशाला अर्पण केला. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला हा पहिला कारखाना.

दुसरा शब्द फार जुना आहे. नगर. तो संस्कृतातून आला आणि देशभर गावांच्या नावांमागे जाऊन उभा राहिला.

एक शब्द परक्या भाषेतल्या अक्षरांनी बनलेला. दुसरा हजारो वर्षांचा. आणि दोघांच्या मध्ये तो न दिसणारा जोड.

तिथेच राहा.

आता जवळचं दुसरं स्टेशन घ्या. चांदणी.

लिहिताना तीन अक्षरं. चां. द. णी.

म्हणा.

चांद. णी.

मधला द बघा. त्याच्यातला अ गळला. आपण ठरवून गाळला नाही. मराठी जिभेची ही सवयच आहे. शब्दाच्या पोटात एखादा एकटा अ सापडला, मागेपुढे आवाज देणारे दुसरे स्वर असले, तर जीभ त्या अवरून निसटून पुढे जाते. पालखी म्हणताना पाल-खी होतं. करवत म्हणताना कर-वत होतं. कुणी शिकवत नाही. दोन वर्षांचं मूलही तसंच म्हणतं.

आता ही सवय मनात धरा आणि हळूच नेपानगरकडे परत या.

ने. पा. न. गर.

त्या न मध्ये अ आहे. मागे पा चा आ आहे. पुढे ग चा अ आहे. चांदणीत जे झालं ते इथे व्हायला हरकत नव्हती. जीभ न वरून निसटली असती तर नाव झालं असतं नेपान-गर.

म्हणून बघा. नेपान. गर.

कानाला खटकलं. मध्येच पान असा भलताच शब्द उभा राहिला आणि नगर नाहीसं झालं.

असं का होत नाही?

जोडामुळे. न च्या आधी एक शब्द संपलेला आहे आणि न पासून दुसरा सुरू झालेला आहे. शब्दाचं पहिलं अक्षर जीभ सोडत नाही. फलकावर जोड दिसत नसला तरी जिभेला तो ठाऊक आहे, आणि म्हणून ती त्या न चा अ जपते.

पुन्हा म्हणा. नेपानगर. आता न वर लक्ष ठेवा. तो पूर्ण उघडा आहे. न.

या जपण्याकडे मला पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं. शब्द झरझर निघून जात असतात, आपण पुढच्या वाक्याच्या विचारात असतो, आणि तरी दर वेळी हा एवढासा अ आपल्या तोंडून सांभाळला जातो.

एक श्वास घ्या.

सोडा.

आता ताटाकडे या. वरणभात.

म्हणा. व. रण. भात.

इथेही जोड आहे, वरण आणि भात यांच्या मध्ये. वरणाचा ण मिटतो आणि लगेच भ उघडतो. जोडाआधी आवाज बंद होतो. नेपानगरात जोडाआधी पा चा आ मोकळा होता, इथे दार लागलेलं आहे.

आता वरणाला प्रत्यय लावा. वरणात.

वर. णात.

थांबा. हे पुन्हा ऐकायला हवं.

वरणभात. व-रण-भात.

वरणात. वर-णात.

वरण तेच आहे. पण भात शेजारी आला तेव्हा र चा अ राहिला. प्रत्यय चिकटला तेव्हा र चा अ गेला. शब्द शब्दाजवळ आला की दोघं आपापल्या जागी राहतात. प्रत्यय आला की शब्द आतून हलतो.

कागद घ्या. का-गद. कागदपत्रं म्हणताना का-गद-पत्रं, कागद जसाचा तसा. कागदावर म्हणताना काग-दा-वर. त्यातला ग आता मागच्या का ला जाऊन टेकला.

कापड घ्या. बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचा आवाज गल्लीगल्लीत आहे, तेव्हा हा शब्द तिथलाच. कापडबाजार म्हणताना का-पड-बा-जार. कापडाचा म्हणताना काप-डा-चा.

तुमच्या घरातला एखादा शब्द घ्या. तो एकटा म्हणा. मग त्याच्याजवळ दुसरा शब्द ठेवा. मग त्याला प्रत्यय लावा. तिन्ही वेळा कुठे मिटतो, कुठे उघडतो, ते ऐका. एवढंच करा. मी इथे थांबतो.

आता नेपानगरला प्रत्यय लावू.

नेपानगरला. ने-पा-न-गर-ला. नगर हललं नाही. ला हा व्यंजनाने सुरू होतो, तो शेजारी येऊन उभा राहतो.

नेपानगरचा. ने-पा-न-गर-चा. अजूनही नाही.

नेपानगरात.

हळू. अगदी हळू.

ने. पा. नग. रात.

ग मिटला. र पुढे गेला आणि आत च्या हाती लागला. न-गर होतं, ते नग-रात झालं.

मोजा. नेपानगरमध्ये चार अक्षरं होती. नेपानगरात, यातही चारच. कागदावर एक अक्षर वाढलं, पाचाची सहा झाली, आणि तोंडात एकही वाढलं नाही. मधला एक अ गेला आणि त्याच्या जागी आत बसला.

या दोन मोजण्यांमध्ये थोडा वेळ बसा. कागदावर सहा. तोंडात चार.

फलाटावर मात्र बहुतेक हिंदी ऐकू येते. गावात हिंदी आहे, निमाडी आहे, मराठी आहे, आणि आजूबाजूच्या डोंगरांत कोरकू आहे, जी मुंडा कुळातली, या बाकीच्या भाषांहून अगदी वेगळ्या घराण्यातली. हिंदी बोलणारा माणूस म्हणतो, नेपानगर में. में बाजूला उभा राहतो. नगर तसंच राहतं, न-गर. त्याच फलाटावर, त्याच बाकावर बसून एखादी मराठी बाई फोनवर सांगते, नेपानगरात आहे. तिच्या तोंडी ते नग-रात होतं.

गाव एकच. नाव एकच. जीभ बदलली की अक्षरं वेगळ्या ठिकाणी तुटतात.

दोन्ही ऐका. कुठलंच चूक नाही.

आता गाडीने एक पाऊल मागे या. बुऱ्हाणपूर.

फारुकी घराण्याच्या नासिरखानाने हे शहर वसवलं आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. संताची कबर आपल्या खुलताबादला आहे. म्हणजे या नावाचा पहिला अर्धा भाग महाराष्ट्रात झोपलेला आहे.

आधी हिंदीत ऐका. बुर. हान. पुर.

आता मराठीत.

बु. ऱ्हाण. पूर.

फरक जाणवला? हिंदीत र मागच्या बु ला जोडला गेला. मराठीत तो पुढे गेला, ह बरोबर एकाच श्वासात मिसळला. ऱ्हाण. मागच्या बु वर कसलाही भार आला नाही.

हा भार, हा आघात, मराठीत इतका हलका असतो की आपण तो असल्याचं विसरतो. पण आपल्या लिपीने तो विसरलेला नाही. त्याच्यासाठी तिने एक खूण ठेवली आहे.

दर्या लिहा. समुद्र. र डोक्यावर चढतो, रफार होऊन. म्हणताना जीभ मागच्या द वर जोर देते. दर्. या.

आता दऱ्या लिहा. सातपुड्यातल्या दऱ्या. र आडवा होऊन बसतो. द वर जोर नाही.

द. ऱ्या.

दोन्ही म्हणा. दर्या. दऱ्या.

पुन्हा. दर्या. दऱ्या.

आघात कुठे पडतो, कुठे पडत नाही, एवढ्यावर एका शब्दात समुद्र आहे आणि दुसऱ्यात डोंगराच्या पोटातल्या खोल वाटा. आडव्या र ची ही खूण मला मराठी लिपीतली सर्वांत कोवळी खूण वाटते. मागच्या अक्षरावर भार टाकू नका, इतकंच ती सांगते.

बुऱ्हाणपुरात ती खूण आहे. वऱ्हाडात आहे. कुऱ्हाडीत आहे. जिथे दिसेल तिथे मागचं अक्षर हलकं ठेवा.

आता नावाच्या शेवटाकडे या. पूर.

हिंदी फलकावर ऱ्हस्व आहे, पुर. मराठीत दीर्घ, पूर. का?

म्हणून बघा. पूर. शेवटचा अ दडतो. तो दडला की त्याचा वेळ कुठेतरी जायला हवा. तो मागे सरकतो, उ वर जाऊन बसतो, आणि उ लांबतो. पूऽर. फूल, मूल, धूर, सगळ्यांचं हेच. 1962 साली मान्य झालेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत गावाच्या नावाअखेरच्या पूर साठी वेगळा नियमच आहे. नागपूर, सोलापूर, बुऱ्हाणपूर, सगळीकडे दीर्घ लिहायचं.

आणि प्रत्यय लागला की?

बुऱ्हाणपुरात.

र ला आत मिळाला. आता दडलेलं काहीच उरलं नाही. उ वर बसलेला भार उतरतो आणि उ पुन्हा ऱ्हस्व होतो. पु. रात.

शाळेत हा नियम पाठ करून घेतात. चुकला की गुण कापतात. मला वाटतं, तो आधी ऐकवला पाहिजे. पूर म्हणायला लावावं, मग पुरात. आवाज कुठे लांबतो आणि कुठे आखडतो हे मुलांच्या कानाला कळलं की हात आपोआप तसं लिहील.

श्वास घ्या. शरीर सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या.

आता थोडं दूर जाऊ. डच भाषेपाशी.

फार परकी वाटेल, पण एके काळी ती आपल्या किनाऱ्यावर बोलली गेली आहे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. तिच्या जुन्या भिंती तिथे आहेत.

डच लोक शब्दाला शब्द चिकटवून लांब नावं करतात आणि मध्ये जागा सोडत नाहीत. नेपानगरसारखंच. वर्तमानपत्राच्या कागदाला ते क्रांटनपापीर म्हणतात. क्रांटन म्हणजे वर्तमानपत्रं. पापीर म्हणजे कागद.

पापीर एकटा असतो तेव्हा जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. पा-पीर. पीर जरा जोरात म्हणा.

आता पुढे क्रांटन ठेवा. मुख्य जोर तिकडे जातो. क्रां-टन-पा-पीर. पहिलं अक्षर उंच. पीर वरचा जोर पुसला जात नाही. तो खाली उतरतो आणि तिथे राहतो.

म्हणून बघा. पहिल्यावर उंच, शेवटच्यावर थोडं. मध्ये सपाट.

डच जोडशब्दांत बहुतेक वेळा असंच होतं, पहिला शब्द जोर घेतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही. नगरभवनाला ते साधारण स्टाटहाउस असं म्हणतात. स्टाट म्हणजे नगर. तिथे जोर नगरावर येत नाही, पुढच्या घरावर येतो. का, ते सोडून द्या. कुणीही डच मूल ते ऐकूनच शिकतं.

आणि ओळ संपली, शब्द तोडावा लागला, तर डच माणूस आधी जोड शोधतो. अक्षरं मोजण्याच्या आधी जोड. हे त्यांच्याकडे फार महत्त्वाचं आहे, कारण जोड चुकला की अर्थ जातो. क्वार्टस्लाखन असा एक शब्द आहे. क्वार्ट-स्लाखन तोडला तर पाव वळसे. क्वार्ट्स-लाखन तोडला तर क्वार्ट्झ नावाच्या खनिजाचे थर. अक्षरं तीच, क्रम तोच. स हा मागच्याचा की पुढच्याचा, एवढाच प्रश्न.

आपल्याकडेही आमरस आहे. आम-रस. आ-मरस म्हणून बघा. गोडवा गेला.

परत या. नेपानगर.

काही जोड असे असतात की ते सापडतच नाहीत. नगराध्यक्ष. नगर आणि अध्यक्ष. नगराचा शेवटचा अ आणि अध्यक्षाचा पहिला अ एकमेकांत मिसळले आणि रा झाला. त्या आ वर बोट ठेवून सांगा, यातला किती नगराचा आणि किती अध्यक्षाचा. सांगता येत नाही. तिथे थांबूही नका, फक्त आ लांबू द्या.

आणि यंत्रमाग. तिथे जोडाआधी त्र आहे. जोडाक्षर आलं की मराठी जीभ अ पूर्ण मिटू देत नाही. यंत्र. हलकासा अ राहतो. यं-त्र-माग. वृत्तपत्र म्हणताना तर तो दोनदा राहतो, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा.

म्हणा. वृत्तपत्र.

हळू. वृत्त. पत्र.

इथल्या कारखान्यात याच शब्दासाठी कागद होतो. पूर्वी सालईचं लाकूड आणि बांबू लागायचा. सातपुड्यातली झाडं लगदा होऊन कागद व्हायची. पुढे रद्दी येऊ लागली. जुनी वर्तमानपत्रं भिजतात, त्यांच्यावरची शाई सुटते, शब्द निघून जातात आणि कागद पुन्हा कोरा होतो. 2016 साली इथलं उत्पादन थांबलं. नव्या यंत्रांनिशी कारखाना 2022 साली पुन्हा सुरू झाला. ज्या गावाने आपल्या नावाचा पहिला अर्धा भाग त्या कारखान्याकडून घेतला, त्या गावासाठी ही मधली वर्षं किती लांब असतील, याचा विचार करा. नाव तर रोज घ्यावं लागत होतंच.

नेपा. नगर.

थोडा वेळ गप्प बसू.

आता शेवटी त्या दडलेल्या अ कडे जाऊ. तो कायम दडलेला राहत नाही. तो परत येतो. गाण्यात.

बुऱ्हाणपूरहून फार दूर नाही असं आणखी एक नगर आहे, मुक्ताईनगर. पूर्वीचं एदलाबाद. दर वर्षी आषाढीसाठी तिथून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाते.

दिंडीत लोक अभंग म्हणतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरं असतात आणि चौथ्यात चार. ही अक्षरं जशी लिहिली तशीच मोजायची. बोलताना दडलेला प्रत्येक अ मोजात धरला जातो. आणि टाळ वाजायला लागले की तो म्हटलाही जातो.

तुम्ही ऐकलं असेल. बोलताना नगर मिटतं, न-गर. गाताना तेच उघडतं. न. ग. र. र नंतर तोंड मिटत नाही. र वर सूर लांबतो, हवेत राहतो.

आता नेपानगरात हा शब्द घ्या. सहा अक्षरं. ने. पा. न. ग. रा. त. अभंगाच्या एका चरणात तो पुरता बसतो, ना कमी ना जास्त.

गाऊन बघा. चाल कुठलीही घ्या. प्रत्येक अक्षराला सारखा वेळ द्या.

ने.

पा.

न.

ग.

रा.

त.

ग मध्ये अ आला. त मध्ये अ आला. बोलताना चार होती, ती आता सहा आहेत. कागदावर दिसतात तितकीच.

म्हणून लिपीत जपलेला तो अ मला फुकट वाटत नाही. बोलणाऱ्याला त्याची गरज नसते. गाणाऱ्याला असते. आपल्या लिपीने दोघांची सोय ठेवली.

आणखी एकदा, बोलून. नेपानगरात. ने-पा-नग-रात.

आणखी एकदा, गाऊन. ने-पा-न-ग-रा-त.

दोन्हींच्या मध्ये एक श्वास घ्या. तो लांब असू द्या.

आता तुमच्या स्वतःच्या गावाचं नाव घ्या. जोड शोधा. नसला तर नसला. शेवटचा अ दडतो का बघा. प्रत्यय लावा. काय हललं? काय राहिलं? गाऊन बघा. काय परत आलं?

याला वेळ लागेल. लागू द्या.

आणि एक विनंती आहे. ती मराठी पानं जुळवणाऱ्यांना आहे, शाळेत वाचायला शिकवणाऱ्यांना आहे आणि घरी मुलांना मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्यांनाही आहे. हल्ली अरुंद रकान्यात शब्द कुठेही तुटलेले दिसतात. महानगरपा आणि पुढच्या ओळीत लिका. यंत्राला जोड कळत नाही, तो माणसाने दाखवायचा असतो. शब्द तोडायचा असेल तर महानगर पाशी तोडा. मूल लांब शब्दापाशी अडखळलं तर अक्षरं मोजायला लावू नका. शब्दाचा दुसरा भाग बोटाने झाका. पहिला वाचू द्या. मग बोट काढा आणि दुसरा वाचू द्या. मग दोन्ही मिळून, एका श्वासात.